सोरायसिसची ती प्रथिनं रोखली, तर मग बाकीच्या आजारांशी कोण लढणार?

देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षांपासून सोरायसिस आहे, कोपरं, गुडघे, डोकं आणि कंबरेवर चट्टे आहेत. मलमं झाली, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या झाल्या, निम्माअधिक फरक पडला पण पूर्ण बरं वाटलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "सूज आणणारी प्रथिनं वाढली आहेत, ती रोखणारं इंजेक्शन घ्या." हे ऐकून घरच्यांनी मासे आणि डाळी बंद केल्या. शेजाऱ्यांनी गुळवेलीचा काढा सुचवला. एका लॅबने त्या प्रथिनांची रक्ततपासणी करायला सांगितलं. आणि त्यांची मुख्य शंका ही, की ही प्रथिनं प्रतिकारशक्तीचीच असतील तर ती रोखल्यावर बाकीच्या रोगांशी कोण लढणार? शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "सकाळी हाताची बोटं तासभर आखडलेली असतात, पण ते बागेतल्या कामामुळे असेल."

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं त्वचारोगांवर उपचार करतो आहे. तुम्हाला न तपासता अमुकच इंजेक्शन घ्या असं मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तरी ऐकू नका. पण तुमची खरी अडचण मला अशी दिसते: तुम्ही प्रतिकारशक्तीला एकच एक ताकद धरून चालला आहात. ती वाढली की सोरायसिस, उतरवली की बाकीचे आजार. प्रत्यक्षात तिच्यात असंख्य वेगवेगळे निरोप एकाच वेळी चालू असतात, आणि सोरायसिसमध्ये त्यातल्या मोजक्या निरोपांचं चक्र थांबायचं विसरलेलं असतं. ते चक्र समजलं की मासे, गुळवेल, रक्ततपासणी आणि इंजेक्शन या सगळ्यांचं काय करायचं ते ठरवता येतं.

ही निरोप देणारी प्रथिनं म्हणजे सायटोकाइन. एक पेशी ती सोडते, जवळची पेशी ती ओळखते आणि तसं वागते. सोरायसिसची सुरुवात अनेकदा साध्या गोष्टीने होते. त्वचेला खरचटतं, घशात स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होतो, किंवा एखादं औषध निमित्त ठरतं. दुखावलेल्या त्वचापेशींमधून एलएल-३७ नावाचं प्रथिन बाहेर पडतं. एरवी ते जंतू मारण्याच्या कामाचं, पण इथे ते फुटलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि त्वचेतल्या पहारेकरी पेशींना वाटतं की बाहेरचा शत्रू आला. त्या टीएनएफ-अल्फा आणि आयएल-२३ ही सायटोकाइन सोडतात (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, सायटोकाइनचाच एक गट). आयएल-२३ च्या जोरावर टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, एक खास गट पोसला जातो, आणि तो गट आयएल-१७ आणि आयएल-२२ सोडू लागतो.

आता निरोप थेट वरच्या त्वचेकडे पोचतो. तिथल्या पेशी भराभर वाढायला लागतात. निरोगी त्वचेत खालची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम आठवड्याच्या आत उरकतं. पेशी पक्व होत नाहीत, एकमेकींना धरून राहतात आणि पांढऱ्या, चंदेरी खपल्या जमतात. खाली बारीक रक्तवाहिन्या वाढून फुगतात, म्हणून चट्टा लाल किंवा आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट दिसतो आणि खपली ओरबाडली की रक्ताचे ठिपके येतात. पण सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढेच आहे. आयएल-१७ ने उठवलेल्या याच त्वचापेशी स्वतःही निरोप सोडतात, आणि त्या निरोपाने आणखी टी पेशी, आणखी पांढऱ्या पेशी तिथे ओढल्या जातात. रात्री वाडीत एकाने "चोर" म्हणून आरोळी ठोकली की दुसरा ओरडतो, दुसऱ्याचं ऐकून पहिला पुन्हा ओरडतो, आणि चोर कधीच नव्हता तरी गलका पहाटेपर्यंत चालू राहतो, तसं हे आहे.

म्हणूनच "रक्त बिघडलंय" किंवा "उष्णता बाहेर पडतेय" असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. तुमचं रक्त स्वच्छ आहे. हा आजार कोणाला लागत नाही. एका ताटात जेवा, तळीवर एकत्र आंघोळ करा, मुलांना जवळ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ मध्ये सोरायसिसविषयी खास ठराव केला, त्यात या रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाचा उल्लेख आहे. आपल्याकडे लग्नं मोडण्यापर्यंत गोष्टी जातात, हे मी माझ्या खोलीत बसून ऐकलेलं आहे.

हे चक्र डॉक्टरांनाही लगेच कळलं नव्हतं, आणि ते कसं कळलं यातच इंजेक्शनांचं मर्म आहे. पूर्वी बहुतेकांना वाटायचं की दोष त्वचेच्या पेशींचाच आहे, त्या आपल्या आपण वेड्यासारख्या वाढतात. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे अवयव-रोपणात वापरलं जाणारं औषध दिलेल्या रुग्णांचा सोरायसिस झपाट्याने कमी झालेला दिसला. ते औषध टी पेशींना दाबतं, म्हणजे सूत्रं टी पेशींच्या हातात असणार. पुढे बरीच वर्षं संशय आयएल-१२ वर होता. २००० मध्ये आयएल-२३ सापडलं, आणि लक्षात आलं की या दोन्ही प्रथिनांचा एक तुकडा, पी-४०, अगदी सारखा आहे. पी-४० ला धरणारं उस्टेकिनुमॅब अमेरिकेत २००९ मध्ये सोरायसिससाठी मंजूर झालं, ते एकाच वेळी दोघांना रोखतं. पण त्वचेतला मुख्य कारभारी आयएल-२३ आहे हे जसं स्पष्ट झालं तशी फक्त त्याचाच वेगळा तुकडा, पी-१९, पकडणारी औषधं आली: गुसेलकुमॅब २०१७ मध्ये, रिसँकिझुमॅब २०१९ मध्ये. मधल्या काळात २०१५ मध्ये आयएल-१७ ला थेट पकडणारं सेक्युकिनुमॅब आलं होतं. नेम जसजसा बारीक झाला तसा परिणामही वाढला. रिसँकिझुमॅबच्या मोठ्या चाचण्यांत १६ आठवड्यांत चारपैकी सुमारे तिघांचे चट्टे ९० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त कमी झाले. मी शिकत होतो तेव्हा असा आकडा कोणी बोलला असता तर वर्गात कोणाला खरं वाटलं नसतं.

आता तुमच्या बोटांकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. कामाने दुखलेला हात विश्रांतीने सुधारतो. सूज असलेला सांधा विश्रांतीने आखडतो आणि हालचाल केल्यावर सुटतो. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेपण, एखादं बोट सबंध सुजणं, टाचेच्या मागे दुखणं, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे, नख खालून सुटणं यातलं काही असेल तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. सोरायसिसच्या रुग्णांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना तो होतो, आणि बहुतेकांत त्वचेनंतर काही वर्षांनी. तिथेही टीएनएफ आणि आयएल-१७ हेच निरोप काम करत असतात. फरक इतकाच, की चट्टा गेला की त्वचा पुन्हा नितळ होते, झिजलेलं हाड मात्र परत येत नाही. यात 'संधिवाताचा घटक', म्हणजे आरए फॅक्टर, सहसा निगेटिव्ह येतो. तेवढ्यावर "सांध्याचं काही नाही" असं कोणी म्हटलं तर थांबू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे तज्ज्ञ सहज मिळत नाहीत हे खरं. कोल्हापूरला, गोव्याला किंवा मुंबईला एक फेरी करावी लागेल. ती करा, कारण तुमचं इंजेक्शन कोणतं हे बरंचसं त्या फेरीवर ठरेल.

खाण्याचं पटकन सांगतो. जेवणातली प्रथिनं पोटात तुटून अमिनो आम्लं होतात. बांगड्याची आमटी खाल्ली म्हणून आयएल-१७ वाढत नाही. सोरायसिसमध्ये उलट खपल्यांवाटे शरीरातली प्रथिनं बाहेर जातात, त्यात डाळ-मासे बंद करणं म्हणजे नुकसान. बांगडा, तारली, पेडवे बिनधास्त खा. वजनाचं मात्र मनावर घ्या. पोटाभोवतीची चरबी स्वतःच टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ सोडते, आणि वजन उतरवलेल्यांत चट्टे कमी होतात, औषधंही चांगली लागू पडतात. तंबाखू-सिगारेट आणि दारू यांनी आजार भडकतो. मेथोट्रेक्सेटवर असताना दारू म्हणजे यकृतावर दुहेरी मार.

गुळवेलीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. करोनाच्या काळात घरोघरी काढे झाले, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी तुमच्यासाठी हिशेब सोपा आहे. तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, तिचा एक भाग विनाकारण चेतलेला आहे. त्याला आणखी चेतवणारं काही कशाला द्यायचं? आणि तुम्ही आधीच यकृतावर लक्ष ठेवावं लागतं अशी गोळी, मेथोट्रेक्सेट, घेत आला आहात. काढा सुरू केला असेल तर बंद करा, आणि किती दिवस घेतला ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

रक्तातल्या आयएल-१७ च्या तपासणीवर पैसे घालवू नका. हा गलका मुख्यतः त्वचेत आणि सांध्यांत चालतो. रक्तातल्या पातळीवरून तुमच्या आजाराची तीव्रता ठरत नाही, आणि कोणतं इंजेक्शन लागू पडेल हेही आजच्या घडीला त्यावरून ठरवत नाहीत. आम्ही तीव्रता ठरवतो ती चट्ट्यांचा लालपणा, जाडी, खपल्या आणि अंगाचा किती भाग व्यापला आहे यावरून. तेच पैसे यकृत, मूत्रपिंड, साखर, कोलेस्टेरॉल, कावीळ बी व सी, एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या तपासण्यांसाठी ठेवा. त्या खरोखर लागणार आहेत.

तर मूळ शंका: मग लढणार कोण? बाकीचे सगळे. इंजेक्शन एका निरोपाला पकडतं. अँटिबॉडी, दुसऱ्या टी पेशी, जंतू गिळणाऱ्या पेशी आपापल्या कामावर असतात. पण त्या एका निरोपाचं जे काम होतं तेवढी जागा उघडी पडते, आणि कुठली जागा उघडी पडते हे औषधागणिक बदलतं. म्हणूनच मी रुग्णाला इंजेक्शनचं नाव सांगण्याआधी त्याचं प्रथिन समजावतो.

टीएनएफ-अल्फाचंच घ्या. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या फुफ्फुसात क्षयरोगाचे जंतू झोपलेले असतात, आणि शरीराने त्यांच्याभोवती पेशींची घट्ट गाठ बांधून त्यांना कोंडलेलं असतं. ती गाठ टिकवायला टीएनएफ लागतं. ॲडॅलिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबने ते रोखलं की गाठ सैल होऊन क्षयरोग उफाळू शकतो. भारतात ही भीती पुस्तकी नाही. जगातले सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण आपल्याकडे आहेत. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मँटू (कातडीत टोचून) किंवा इग्रा (रक्तातून) तपासणी होते, लपलेला संसर्ग सापडला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून निदान महिनाभर थांबून मगच इंजेक्शन देतात. घरात कोणाला क्षयरोग होऊन गेला असेल, मुंबईला खोलीवर एकत्र राहणाऱ्या भावाला असला तरीही, ते सांगा. आयएल-१७ चं काम वेगळं: तोंडातली, जांघेतली कॅन्डिडा बुरशी आटोक्यात ठेवणं आणि आतड्याचं अस्तर सांभाळणं. ते रोखल्यावर क्षयरोगाची भीती बरीच कमी, पण तोंडात पांढरा थर येऊ शकतो, आणि आतड्याचा दाहक आजार असलेल्याला हे औषध टाळतात. कोकणातल्या दमट हवेत जांघेतली बुरशी तशीही पाठ सोडत नाही, म्हणून मी अशा रुग्णाला सुती कपडे आणि अंग कोरडं ठेवणं पुन्हा पुन्हा सांगतो. आयएल-२३ रोखणारी औषधं संसर्गाच्या बाबतीत आतापर्यंत सौम्य दिसली आहेत आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा घ्यावी लागतात. पण पाठीच्या कण्याच्या संधिवातावर ती टीएनएफ किंवा आयएल-१७ च्या औषधांइतकी भरवशाची नाहीत. बघा, पुन्हा गाडी तुमच्या सांध्यांवर येऊन थांबली.

म्हणजे निवड अशी: नुसती त्वचा असेल तर पर्याय भरपूर, सांधे असतील तर टीएनएफ किंवा आयएल-१७ रोखणाऱ्या औषधांकडे कल, क्षयरोगाची शंका असेल तर टीएनएफपासून जरा दूर, आतड्याचा दाहक आजार असेल तर आयएल-१७ चं औषध नको. यात खिशाचाही विचार येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. भारतीय कंपनीचं ॲडॅलिमुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, २०१४ च्या शेवटी बाजारात आलं तेव्हापासून हा वर्ग थोडा तरी आवाक्यात आला. पुढच्या दोन वर्षांचा खर्च झेपेल का, हे पहिल्या डोसआधी घरात बसून बोला. अर्ध्यावर सोडलेल्या इंजेक्शनचा पुढच्या वेळी परिणाम कमी होऊ शकतो.

आणि मेथोट्रेक्सेटला कमी लेखू नका. निम्माअधिक फरक पडला म्हणता, तर डोस पूर्ण होता का, किती महिने घेतलं, मध्ये खंड पडला का हे आधी बघायला हवं. कधी तेवढ्यानेच काम होतं, शिवाय अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबी, म्हणजे अतिनील, किरणांचा उपचार अजून राहिलाच असेल तर तोही आहे. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहितो: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलेली माणसं जिवाला मुकली आहेत. मेडिकलमधून ताप-जुलाबासाठी को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाची गोळी देऊ केली तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे सांगा. दोन्ही मिळून अस्थिमज्जा, म्हणजे हाडातली रक्तपेशी तयार करणारी मज्जा, दाबली जाते. तुम्ही आणि पत्नी मूल होऊ द्यायचा विचार करत असाल तर तेही आधी सांगा.

स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा कमरेत घ्यायचं "चट्टे घालवणारं" इंजेक्शन कोणी देऊ केलं तर घेऊ नका. पंधरा दिवस चमत्कार वाटतो, औषध थांबलं की आजार दामदुप्पट उसळतो, आणि कधी अंगभर पुवाच्या पुळ्या येऊन ताप चढतो. त्या प्रकारात आयएल-३६ नावाचं वेगळंच प्रथिन पुढाकार घेतं आणि रुग्णाला दवाखान्यात दाखल करावं लागतं. हिवतापासाठी क्लोरोक्वीन, रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, मानसिक आजारासाठी लिथियम यांनीही सोरायसिस भडकू शकतो. ती आपल्या मनाने बंद करू नका, फक्त देणाऱ्या डॉक्टरांना आजार माहीत असू द्या.

बागेत काम करताना हाता-पायांना जपा. खरचटलेल्या, भाजलेल्या जागी साधारण दहा ते वीस दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो, कारण तिथे निरोपांचं चक्र नव्याने सुरू होतं. आंब्याचा चीक उडून भाजतं ती जागाही त्यात आली. तोडणीच्या वेळी लांब बाह्यांचा शर्ट घाला, चीक लागला की लगेच धुवा. रात्री खोबरेल तेल लावलंत तर खपल्या मऊ होतात, पण त्या नखाने उचकटू नका.

इंजेक्शन सुरू झालं तर पावसाळ्याची तयारी आधी करा. ही औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात, गोठवायची नाहीत, आणि वादळात आपल्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते. तालुक्याच्या ज्या मेडिकलमध्ये जनरेटर आहे तिथे ठेवता येईल का ते विचारून ठेवा. लावणीच्या दिवसांत शेतात उतरत असाल तर पायाला जखम असताना चिखलात जाऊ नका. ताप आला की "भिजलो म्हणून असेल" असं म्हणून घरी काढू नका. सिंधुदुर्गात लेप्टो (चिखलपाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आहे, त्याच दिवशी दाखवा, आणि बरं होईपर्यंत पुढचा डोस व मेथोट्रेक्सेट घ्यायचं की थांबायचं हे डॉक्टरांना विचारा.

आयुष्यभर घ्यावं लागेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या भेटीत विचाराल. चट्टा पूर्ण गेला तरी त्या जागी काही टी पेशी मुक्काम ठोकून राहतात आणि त्यांना जुना निरोप आठवत असतो. म्हणूनच औषध थांबवल्यावर आजार बहुतेकदा त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर परततो. काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी. कोणाला कधी, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे त्वचा वर्षभर स्वच्छ राहिली तर डोसमधलं अंतर वाढवून बघता येतं, पण ते तपासणी करत, डॉक्टरांच्या नजरेखाली. तोवर एवढं करा: बोटांचे आणि नखांचे फोटो सकाळी उठल्या उठल्या काढा, आखडलेपण किती वेळ राहतं ते आठवडाभर लिहा, आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्या-मलमांच्या पट्ट्या पिशवीत घाला आणि ते घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. बोटांचं तिथे कळलं की मग इंजेक्शनचं ठरवा.